जांभळीच्या कोंडाचं बेणं

२ फेब्रुवारी, रविवार

आज वसंत पंचमी. शाळेत या दिवशी गुरुजी फळ्यावर रंगीत खडूनं आंब्याचा मोहोर काढायचे आणि अख्खा वर्ग एका चालीत कविता म्हणायचा. चाल अजून डोक्यात आहे, शब्द मात्र मधूनमधून गळालेत. खरा मोहोर बघायला मी आज मलंगगडाच्या पायथ्याशी गेलो, डोंबिवलीहून रिक्षानं, मांडीवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांची थप्पी घेऊन.

आमच्या ओहळ-मित्र गळ मंडळाची कामं दोनच. पावसाळ्यानंतर काठावर गळ टाकून बसायचं, लागलेल्या माशाचा फोटो काढून त्याला परत पाण्यात सोडायचं. आणि होळीच्या आत ओहळावरच्या बांधाच्या सुटलेल्या गोण्या वाळू भरून पुन्हा लावायच्या, म्हणजे वरच्या जांभळीच्या कोंडात, त्या खोल डोहात, मेअखेरपर्यंत पाणी टिकतं. मी मासे खात नाही, लहानपणापासून नाही. मंडळात असा मी एकटाच. आमचे अध्यक्ष स्वानंद म्हणतात, "अण्णा म्हणजे दारूच्या दुकानातले ताकवाले." म्हणू देत. मला पाणी बघायला आवडतं. हा ओहळ माझ्या जन्मगावचा आहे, तो बघायला दुसरं निमित्त मला नाही.

गोण्या लावून झाल्यावर खाली उतरलो. खालच्या अंगाची तीन डबकी आत्ताच गुडघ्याएवढी झालीत. गेल्या वर्षी ती एप्रिलात सुकली आणि मासे चिखलात पांढरे पडले. पावसाळ्यात ओहळ आला, पण त्यात पिल्लं नेहमीच्या चौथाईही दिसली नाहीत.

"यंदाही तसंच झालं तर संपलं," आमच्या मंडळातल्या मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. "बेणंच राहिलं नाही तर पाऊस काय करणार?"

बेणं! हा शब्द ऐकला आणि मला एकदम बाबा दिसले. धोतर खोचलेले, कमरेइतक्या पाण्यात.

मी सगळ्यांना सांगितलं. आमच्या गावात धुळवडीला खालच्या डबक्यांतले मासे धरून हंड्यांत घालायचे आणि वर जांभळीच्या कोंडात नेऊन सोडायचे. पुढच्या पावसाला बेणं राहावं म्हणून. माझे बाबा सगळ्यांच्या पुढे असायचे.

हर्षित, आमचा सेक्रेटरी, आयटीतला मुलगा, गोणीवरून उठलाच. "अण्णा, काय भारी! ही तर आपली ओरिजिनल परंपरा आहे! आपण हेच करायचं. धुळवडीला. बॅनर लावू."

घरी येताना रिक्षात दोन ओळी सुचल्या:

ओहळ माझा वळणावरला, पायाखाली वाळू,
मासा सुटतो हातामधुनी, पाणी म्हणते, "हळू."

सूनबाईला, कल्पिताला, म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "छान आहेत, बाबा. आधी ते चिखलाचे पाय धुवा, फरशी म्हणतेय हळू."

९ फेब्रुवारी, रविवार

आज बांधावर मंदाकिनीबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. मासे कशात न्यायचे, किती वेळ लागायचा, वाटेत मरायचे का. मला जेवढं आठवतं तेवढं सांगितलं. मी फार लहान होतो, आणि बाबा माझ्या दहाव्या वर्षी गेले. त्यांच्याकडचं माझ्याजवळ दुसरं काही नाही, ही एवढी एक गोष्ट आहे. फोटोसुद्धा नाही.

आठवतं ते असं. बाबा सकाळी गेळाची फळं दगडावर ठेचायचे. त्याचा फेस डबक्यात कालवायचे. थोड्या वेळानं मासे वर येऊन कुशीवर पडायचे. मी काठावर उभा राहून रडायचो, इतका की माझी उचकी थांबायची नाही. मग बाबा मला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "अरे, झोपलेत ते. वरच्या कोंडात न्यायचेत ना, वाटेत घाबरू नयेत म्हणून झोपवलंय." कोणाला सुचेल हे? माशांना भीती वाटू नये म्हणून!

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "गेळाची फळं?"

"हो. गेळफळ."

"अण्णा, गेळानं मासे गुंगतात. मग ते हातानं उचलता येतात."

"तेच तर सांगतोय."

"आणि... कोंडात सोडल्यावर जागे झालेले तुम्ही पाहिलेत?"

"मी कसा पाहणार? वरची वाट चढणीची. मला घरी पाठवायचे. संध्याकाळी बाबा येऊन सांगायचे, सोडले म्हणून."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "यंदा आपण जागेपणीच नेऊ या. मी हवेचे पंप आणते, माशांच्या टाकीला लावतात ते."

शास्त्र शिकलेल्या माणसांना जुन्या गोष्टींवर एकदम भरवसा बसत नाही. मी वाद घातला नाही. पण गेळफळ मी आणणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

वर्तकनगरला स्वानंदांच्या घरी बैठक. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर गळ आहेत, प्रत्येकाला वेगळं रीळ. चहा, बाकरवडी आणि एकच विषय.

स्वानंदांचं म्हणणं सरळ होतं. खालची डबकी गावकीची. धुळवडीला गावातली मंडळी तिथले मासे धरतात, रस्सा करतात, सगळे एकत्र जेवतात. "आपण शहरातून जाणार आणि त्यांच्या ताटातला मासा काढून घेणार? ऐकतील का ते? आपल्या बाजूला आहे काय? अण्णांची आठवण."

"पण परंपरा आहे ना, सर," हर्षित म्हणाला. "ते विसरलेत, आपण आठवण करून द्यायची. सिंपल."

"मग गावातलं कोणी तरी हो म्हणायला हवं."

मी म्हणालो, माझी थोरली बहीण आहे, रखमाक्का. चौऱ्याऐंशीची आहे, पण तिला सगळं आठवतं.

मंदाकिनीबाई बाकरवडीचा तुकडा हातातच धरून बसल्या होत्या. "त्यांना कशाला त्रास," एवढंच बोलल्या. चांगल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांचा फार विचार करतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अक्काकडे, दिवा स्टेशनला, जाऊन आलो. ती नातवाकडे राहते. चौथा मजला, दोन खोल्या, आणि खोल्यांपेक्षा पाण्याची भांडी जास्त. आज पाणी आलं नव्हतं. टँकरच्या रांगेत नातू साईनाथ उभा होता.

दाराशीच तो हंडा दिसला. गावचा, तांब्याचा, गळ्याजवळ पोचा आलेला. मी हात लावला. "अक्का, याच हंड्यातून न्यायचो ना आपण मासे?"

"ह्यातून? मासे?" अक्कानं कपाळाला हात लावला. "देवाच्या पाण्याचा हंडा तो! आईनं मासे घालू दिले असते? झाडूनं मारलं असतं."

"मग दुसरा असेल."

"कसले मासे रे, धोंडू?"

मला धोंडू म्हणणारी आता ती एकटीच आणि गावात एक रामा. माझ्या आधीचे दोन मुलगे जगले नाहीत म्हणून माझं नाव धोंडू, आणि म्हणून मी सगळ्यांचा लाडका. रडलो की घरातली चूल थांबायची, असं आई सांगायची.

मी तिला धुळवड सांगितली. गेळफळ, बाबांचा खांदा, जांभळीचा कोंड. मंडळाचं ठरलेलंही सांगितलं. ऐकताना ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगो बाय! तू अजून..." असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

"अजून काय?"

"काय नाय. अजून आठवतं तुला, असं म्हणत होते."

"सोडायचे ना बाबा मासे?"

अक्का वाटीतले साबुदाण्याचे दाणे बोटानं एका बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "तुला किती रडायला यायचं रे. त्या दिवशी तुला दूधभात भरवून लवकर काकूकडे झोपायला पाठवायचे."

"हो! काकूकडे!" मी विसरलोच होतो. काकूच्या अंगणात गोधडी, आणि आमच्या घरातून माणसांचा आवाज. सणाला पाहुणे यायचे आमच्याकडे. आणि दुसऱ्या दिवशी आमची मांजर अशी तृप्त होऊन ओटीवर पडलेली असायची की विचारू नका. सणाचं दूध तिलाही मिळत असणार.

निघताना पुन्हा विचारलं. "मंडळी विचारतील, अक्का. काय सांगू?"

"सांग ना, सोडायचे म्हणून," ती म्हणाली. "तुझा बाप खोटं बोलंल का तुझ्याशी?"

९ मार्च, रविवार

आजचा दिवस वाईट.

गावात गेलो होतो, स्वानंद, हर्षित आणि मी. देवळासमोर रामा बसला होता. आम्ही एका पाटीवर ओ नामा शिकलो, एका शिक्षेला उभे राहिलो, कविता चुकली की मी त्याला मागून सांगायचो. आता गावकीत त्याचा शब्द चालतो. चहा झाला. हर्षितनं मोबाइलवर बॅनरचं चित्र दाखवलं: "बेणं राखण, आपली प्राचीन परंपरा."

रामानं ते लांब धरून वाचलं. "कोणाची परंपरा?"

"गावाची, काका."

"कोणत्या गावाची?" आजूबाजूची माणसं हसली. "अरे धोंडू, आपण मासे सोडायचो? आपण खायचो रे! मरळीचा रस्सा काय असायचा तुझ्या घरी. तुझ्या आईच्या हातचा."

मी म्हणालो, "रामा, माझ्या घरी धुळवडीला मासे होतच नसत. मला माहीत नाही का?"

"तुला कसं माहीत असंल? तू तर..." तो थांबला.

"बाबांनी मला सांगितलंय. दर वर्षी. ते खोटं बोलायचे असं म्हणायचंय का तुला?"

कोणी हसलं नाही मग. रामा पायातली चप्पल खालीवर करत राहिला. स्वानंद मध्ये पडले, "जाऊ दे अण्णा, आपण दुसरं काही बघू." पण दुसरं काय बघणार? डबकी घोट्याला आलीत.

शेवटी रामा म्हणाला, "रखमाक्का मोठी. तिनं गावदेवीसमोर येऊन सांगावं. ती म्हणाली सोडायचे, तर यंदा गाव सोडंल. नाय तर नेहमीसारखं."

परत येताना हर्षित म्हणाला, "अण्णा, टेन्शन नका घेऊ. आजी बोलतील ना." मासे गेले तर वाईट वाटेल. पण रामा खरा ठरला, तर मला बाबाच राहणार नाहीत. हे कोणाला सांगणार? इथे लिहिलंय तेवढं पुरे.

१० मार्च, सोमवार

अक्काला फोन केला. गावदेवीसमोर, असं सांगितल्यावर ती इतका वेळ गप्प राहिली की फोन कट झाला असं वाटलं.

"अक्का?"

"आहे रे. देवीसमोरच बोलायला पायजे का?"

"रामाची अट आहे."

"तो रामा लहानपणापासून हट्टी. आमच्या बोरीवर चढायचा." मग म्हणाली, "साईनाथला सांगते. येते मी."

१३ मार्च, होळी

कल्पितानं पुरणपोळ्या केल्या. मी सकाळी कल्याणच्या वैदूंच्या दुकानातून गेळफळं आणली, कापडी पिशवीभर. कल्पिता म्हणाली, "बाबा, यांना कसला उग्र वास आहे!" मला त्या वासानं एकदम पाच वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

१४ मार्च, धुळवड

अंग दुखतंय, पण आजच लिहायला हवं.

आम्ही पोचलो तेव्हा गाव रंगून बसलं होतं. पागाची जाळी घेऊन तयार असलेली पोरं, मासे गाळायला जुन्या साड्या घेतलेल्या बायका, चुलाणावर रिकामं पातेलं. आमच्या मंडळाचे कॅन आणि मंदाकिनीबाईंचे घर्र घर्र करणारे पंप बघून सगळे गमतीनं बघत होते. हर्षितनं बॅनर आणला नव्हता. बाईंनी आणू दिला नाही म्हणे.

साईनाथच्या गाडीतून अक्का उतरली. नऊवारी, हिरव्या बांगड्या, हातात काठी. बायका पाया पडायला धावल्या. तिनं आधी देवीला नारळ ठेवला, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"काय आणलंस?"

"गेळफळ. बाबांसारखं."

"दे इकडे." पिशवी घेऊन ती देवळाच्या पायरीवर बसली आणि पिशवी चक्क मांडीखाली सारली. मी मागितली तर म्हणाली, "असू दे. यंदा मासे शहाणे आहेत, जागे राहून जातील." मंदाकिनीबाई खूप हसल्या. दोघींची ओळख आजचीच, पण जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या एकमेकींकडे बघत होत्या.

रामा पुढे आला. निळा-गुलाबी चेहरा, गंभीर. "अक्का, देवीसमोर आहेस. बाबा मासे सोडायचे का?"

एवढी माणसं, पण पंपांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

अक्का देवीकडे बघत म्हणाली, "रामा, देवीसमोर मी एवढंच सांगते. माझ्या बापानं ह्या पोराला दर धुळवडीला सांगितलंय, मासे सोडले म्हणून. देवाला ठाऊक आहे, हे सांगितलंय. मी तिथं उभी होते. आता बापाचा शब्द खाली पडू द्यायचा का नाय, ते तू ठरव. तू पण त्याच्या खांद्यावर बसलायस."

इतकं स्पष्ट उत्तर. तरी रामाला वेळ लागला. तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत रंग गेला असावा, मनगटानं पुसत होता.

"नाय," तो म्हणाला. "नाय पडू द्यायचा."

मग मागे वळून ओरडला, "काय बघत बसलाव रे? पाग काढा! कॅन भरा! धोंडूचे बाबा मासे सोडायचे, तर गाव सोडणार!"

एक पोरगा म्हणाला, "मग जेवायला काय, काका?"

"तुझं डोकं!"

तेव्हा अक्का पायरीवरून म्हणाली, "अरे, चिलापी ठेवा खायला. ती कुठं आपली आहे?" सगळं गाव हसलं. मंदाकिनीबाईंनीही मान डोलावली, चिलापी बाहेरून आलेली, ती दुसऱ्यांची पिल्लं खाते म्हणाल्या. म्हणजे सगळ्यांचं भागलं.

मग काय झालं ते कवितेत मावायचं नाही. मरळी, शिंगटी, वांब, बोटाएवढ्या दांडवणी. पाग पडत होते, साड्या चिखलात बुडत होत्या. डबक्यापासून कोंडापर्यंत माणसांची रांग झाली, कॅन हातोहात वर गेले. स्वानंद, ज्यांच्या पँटला कधी चिखल लागला नाही, ते पालथे पडले आणि शिंगटीनं त्यांच्या अंगठ्याला काटा मारला. "गळानं धरतो तेव्हा बरी असते हो ही!" असं ओरडत होते.

मला रामानं हात धरून वर नेलं. आम्ही बांधापर्यंतच जायचो, त्याच्या वरची कोंडाची चढण मी आयुष्यात पहिल्यांदा चढलो. जांभळीची झाडं वाकून पाण्याला लागलेली. बाईंनी कॅनमध्ये कोंडाचं पाणी थोडं थोडं घालायला लावलं, माशांना सवय व्हावी म्हणून. मग म्हणाल्या, "अण्णा, पहिली मरळ तुम्ही सोडा."

हातात धरली. गार, जड, जिवंत. तिनं एक हिसका दिला आणि गेली. पाणी खरंच हळू म्हणालं.

अक्काला पोरांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. ती काठावर वाकून पाण्यात बोटं बुडवून बसली आणि हळूच म्हणाली, "झालं बाबा. झालं खरं."

कोणाशी बोलत होती कळलं नाही. मी तर तिच्या पाठीमागे उभा होतो. वय झालंय तिचं. उन्हाचा त्रास होत असेल म्हणून मी तिच्या डोक्यावर माझी टोपी घातली.

१६ मार्च, रविवार

ताप. कल्पिता रागावलीय. "बाबा, तुमच्या परंपरा तुमच्या, डॉक्टरकडे मात्र मला न्यावं लागतं." रामानं फोन करून कोंडाची खबर दिली. एकही मासा मरून वर आलेला नाही. फोन ठेवताना म्हणाला, "धोंडू, दर वर्षी करू." पठ्ठ्या परवापर्यंत नाही म्हणत होता.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड घेऊन दिव्याला गेलो. साईनाथनं खिडकीच्या गजाला गुढी बांधलीय, तिच्यावर उलटा लोटा. अक्का पलंगावर होती. धुळवडीनंतर गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे. तिला सांगितलं, कोंडात अजून पुरुषभर पाणी आहे, परवा हर्षितनं मोबाइलवर मरळ टिपली, स्वानंदांनी अंगठ्याची पट्टी अजून काढलेली नाही.

माझ्या मनात एक राहिलं होतं. ते विचारलं.

"अक्का, मी तर खाली असायचो, नाही तर काकूकडे. तू मोठी होतीस, तू बाबांबरोबर असायचीस. मासे सोडून झाल्यावर बाबा काय म्हणायचे गं? काही तर म्हणत असतील."

तिनं खिडकीतून खाली बघितलं. खाली टँकर आला होता, कळशांचा खणखणाट चालला होता. मग तिनं माझा हात हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायची तसा.

"एकच म्हणायचे," अक्का म्हणाली. "हात धुवायचे, आणि म्हणायचे, 'जा गं रखमे, धोंडूला सांग, सोडले म्हणून.'"

इतक्या वर्षांनी नवं काहीतरी मिळालं बाबांचं. घरी येईपर्यंत तेच घोळवत आलो. एवढ्या कामात, एवढ्या माणसांत, त्यांना आधी माझी आठवण व्हायची.